हालचाल ऐच्छिक, सत्त्याण्णव टक्के

विजया गांगुर्डेच्या उजव्या हाताची तीन बोटं चार नंबरच्या प्रेसखाली गेली, ती मंगळवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी. बुधवारी सकाळी बाई अजून भुलीच्या गुंगीत होती, तेवढ्यात कंपनीच्या सूचनाफलकावर निकाल लागलासुद्धा: ‘हालचाल ऐच्छिक, सत्त्याण्णव टक्के.’ साध्या मराठीत सांगायचं तर हात तिनं आपणहून घातला. अठरा वर्षं प्रेसवर उभ्या राहिलेल्या बाईला एके दिवशी अचानक बोटं चिरडून घ्यायची हौस आली, असं एका यंत्रानं म्हटलं आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्याखाली सह्या ठोकल्या.

केतकी वाघचौरेनं तो फलक गुरुवारी वाचला. होसूरच्या कारखान्यातलं बारा दिवसांचं काम आटोपून ती त्याच सकाळी नाशिकला उतरली होती आणि बॅग घेऊन थेट अंबडला आली होती. तेजोमय प्रेसिंग्ज या कंपनीत ती सोळा वर्षं इलेक्ट्रिकल डिझाइन करत होती. यंत्राचं पोलाद किती जाड हवं ते मेकॅनिकलवाले ठरवतात. ते यंत्र कधी चालावं आणि कधी काही झालं तरी चालू नये, हे केतकी ठरवायची. अलीकडे पॅनेलची ड्रॉइंगं संगणकच काढून देई, चहा गार व्हायच्या आत. तरी शेवटच्या पानावर प्रमाणित अभियंत्याची सही लागे. कायदा शहाणा होता. चुकलं तर जाब विचारायला कुणीतरी हाडामांसाचं हवंच की.

चार नंबरच्या पॅनेलवर सही तिचीच होती.

ती तशीच जिना चढून प्लँटहेड हेमंत दळवी यांच्या केबिनमध्ये गेली.

“हे काय लावलंय तुम्ही खाली?”

“बसा मॅडम. प्रवास कसा झाला?”

“प्रवास गेला खड्ड्यात. ऐच्छिक म्हणजे काय? प्रेसवरचा प्रत्येक हात ऐच्छिकच असतो, साहेब! पत्रा उचलते ते ऐच्छिक, ठेवते ते ऐच्छिक. नाक खाजवते तेही ऐच्छिक.”

दळवींनी खुर्ची मागे रेलली. माणूस आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. “चाहूल खोटं बोलत नाही, मॅडम. तुम्हीच बसवलीय.”

“चाहूल खोटं नाही बोलत. तुम्ही तिचं अर्धंच बोलणं वाचून दाखवताय.”

या चाहुलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्याभोवतीच फिरतो.

हात पुढे करायचं आपण ठरवतो, तेव्हा तो लगेच पुढे जात नाही. मेंदूकडून निरोप निघतो, मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत पोचतो, स्नायूंच्या धाग्यांतून बारीकसा विद्युतप्रवाह धावतो आणि मग कुठे हात हलतो. त्याच्याही आधी, तोल जाऊ नये म्हणून, पाठ आणि पोटऱ्या गुपचूप ताठ झालेल्या असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. या साऱ्यात सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा जातो. आणि प्रवाह आला की त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र आलंच. स्नायूंचं हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कोट्यंशाहूनही क्षीण असतं, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या चकत्या ते टिपू शकतात. या हिऱ्यांत मुद्दाम एक दोष ठेवलेला असतो. त्यांच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ते लालसर चमकतात आणि जवळचं क्षेत्र बदललं की ती चमक कमीजास्त होते. अशा चाळीस चकत्यांची एक चौकट प्रेसच्या तोंडाशी बसवली की कामगाराचा हात हलायच्या आत यंत्राला कळतं, हात येतोय. ते वरच्या वर थांबतं. हिचंच नाव चाहूल.

पूर्वी प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा असे. तो तुटला की प्रेस थांबे; म्हणून बाईला हातभर लांब उभं राहावं लागे आणि प्रत्येक ठोक्याला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागत. चाहूल आली, पडदा गेला, बटणं गेली. बाई साच्याला खेटून उभी राहू लागली आणि माल दीडपट निघू लागला. स्कूटरच्या बॅटरीची झाकणं पडत राहिली, पडत राहिली.

आणखी एक गोष्ट चाहुलीला कळे. घसरलेल्या हाताआधी पाठ ताठ होत नाही, नेलेल्या हाताआधी होते. दोन्हींच्या लहरी वेगळ्या. त्यामुळे प्रत्येक हालचालीपुढे ती नोंद करी: ऐच्छिक, किंवा अनैच्छिक. ही नोंद अभियंत्यांच्या अभ्यासासाठी होती. विमा कंपनीनं ती वाचली आणि तिचा आनंद गगनात मावेना. माणसाच्या मनात काय होतं ते सांगणारा साक्षीदार, तोही पगार न मागणारा!

“नोंदीत आणखी दोन रकाने असतात,” केतकी म्हणाली. “चाहुलीनं थांबायचा आदेश दिला का, आणि प्रेसनं तो पाळला का. ते कुठायत?”

“चौकशीला हवं ते दिलंय.” दळवी घड्याळाकडे पाहत उठले. “पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. विमा कंपनीची फसवणुकीची तक्रार आहे बाईवर, आम्ही तर काहीच केलं नाही. आणि मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. पॅनेल तुमचं आहे.”

जिना उतरताना केतकीचे कान तापले होते. हे शेवटचं वाक्य धमकी होती हे तिला कळलं. कशाची धमकी, ते मात्र नाही.

*

गांगुर्डेंचं घर चुंचाळ्यात, दोन खोल्यांचं. नवरा दशरथ टेम्पो चालवायचा. दुसऱ्या दिवशी केतकी गेली तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून बसला होता आणि तिला पाहून उठलाही नाही. आत कॉटवर विजया. हात कोपरापर्यंत पांढरा.

“या ताई. चहा टाकते.” आणि ती खरंच उठायला लागली.

“अहो बसा! वेड लागलंय का तुम्हाला?”

चहा शेवटी दहा वर्षांच्या मुलीनं, प्रियानं केला. कप ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“शाळेत जात नाही दोन दिवस,” विजया हळू आवाजात म्हणाली. “पोरं म्हणत्यात, तुझ्या आईनं विम्यासाठी बोटं कापून घेतली.”

केतकीनं कप बाजूला ठेवला. “काय झालं होतं नेमकं?”

“झाकण अडकलं साच्यात. नेहमी अडकतं. हात घातला, काढायला गेले, आन वरून आली.” ती थांबली. मग पुढे वाकून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, “ताई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. माणूस मनातल्या मनात काही ठरवतं आन त्याचं त्यालाच कळत नाही, असं असतं का हो? मधी लई वैतागले होते मी कामाला. मशीनला ते दिसलं असंल का?”

या प्रश्नानं केतकीच्या अंगाची आग झाली. बोटं नेली ती नेलीच; आता या बाईचं मनही हे लोक तिच्याकडून काढून घेत होते. स्वतःच्या डोक्यात काय होतं हे तिला एका चौकटीनं सांगायचं आणि तिनं ते मुकाट्यानं मान्य करायचं!

“नाही,” ती म्हणाली. “झाकण काढायला हात घातलात, एवढंच खरं आहे.”

“मग मशीन काय खोटं बोलतंय?” दारातून दशरथ बोलला, पहिल्यांदाच. “त्याचं काय वैर आहे का हिच्याशी? सत्त्याण्णव टक्के म्हणत्यात. डॉक्टर तरी सत्त्याण्णव टक्के सांगतो का कधी?”

विजयानं मान खाली घातली. बारा वर्षांचा संसार, आणि तिच्या शब्दावर उरलेले तीन टक्के.

“दशरथभाऊ, चाहुलीनं थांबायला सांगितलं असणार. प्रेस का थांबली नाही, ते मी शोधून काढते,” केतकी म्हणाली. “माझा शब्द आहे.”

तिनं चहा संपवला आणि निघाली. शब्द देताना तिचा आवाज जराही कापला नाही. कापायचं काही कारणही तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

चाहुलीच्या चौकटीत तिची स्वतःची स्मृती असते. प्रमाणित अभियंत्याला ती केव्हाही उतरवून घेण्याचा हक्क आहे. दळवींना ते ठाऊक नसावं किंवा केतकी तेवढे कष्ट घेणार नाही असा त्यांचा होरा असावा. शनिवारी दुपारी तिनं चार नंबरच्या शेजारी स्टूल टाकलं, लॅपटॉप जोडला आणि सगळे रकाने समोर मांडले.

मंगळवार, तीन बावीस. हालचाल ऐच्छिक. थांबण्याचा आदेश: दिला. साचा मिटायच्या आधी सेकंदाचा सहावा हिस्सा, अगदी वेळेवर. प्रेसचा प्रतिसाद: नाही.

“हे बघा!” ती मोठ्यानंच म्हणाली. शेजारच्या प्रेसवरच्या बायकांनी वळून पाहिलं.

ती मागे मागे जात राहिली. सोमवार: सहा आदेश, प्रतिसाद नाही. रविवारी सुट्टी. शनिवार: नऊ आदेश, प्रतिसाद नाही; हात दर वेळी थोडक्यात वाचलेले. म्हणजे अकरा दिवस चाहूल घसा फोडून ओरडत होती आणि प्रेस बहिरी होती! या अकरा दिवसांत चार नंबर एकदाही थांबली नाही म्हणून त्या लाइनला पेढे वाटले होते, हे तिला होसूरमध्येच फोनवर कळलं होतं. एकही माणूस असा निघाला नाही, ज्यानं विचारावं की बाबांनो, रोज पाच-सात वेळा थांबणारं यंत्र अचानक थांबेनासं का झालं? माल निघत होता. निघणाऱ्या मालाला कुणी प्रश्न विचारत नाही.

मग ती त्या ओळीपाशी आली जिथे हे सुरू झालं. अपघाताआधी अकरा दिवस, शुक्रवार, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. त्याआधीचा प्रत्येक आदेश पाळलेला. त्यानंतरचा एकही नाही. थेट अपघाताच्या दिवशी चार दहापर्यंत. तिथून पुन्हा सगळं सुरळीत.

शुक्रवार. खंडेनवमी.

केतकीचे हात कीबोर्डवरच राहिले.

खंडेनवमीला अंबडमधला प्रत्येक कारखाना यंत्रं पुसतो, झेंडूच्या माळा घालतो, पॅनेलच्या दारावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो. तेजोमयमध्ये त्या दिवशी मालकीणबाई येतात, चार नंबरला ओवाळतात, नारळ फुटतो आणि त्यांच्या हातून मुहूर्ताचा एक ठोका मारला जातो. पण चाहूल आल्यापासूनचा हा पहिला सण होता, आणि यंत्राभोवती पन्नास माणसं दाटीनं उभी. पन्नास जणांच्या पाठी-पोटऱ्यांची एकच गर्दी चाहुलीला दिसत होती आणि ती शहाण्यासारखी प्रेस अडवून धरत होती. मालकीणबाई बटण दाबतायत, प्रेस ढिम्म. गुरुजी थांबलेले, कापूर विझत चाललेला. “घाला हो मॅडम एक जंपर,” दळवी कानाशी म्हणाले होते, “पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

जंपर म्हणजे वीतभर वायरीचा तुकडा. चाहुलीचा आदेश ज्या दोन संपर्कांतून प्रेसपर्यंत जातो त्यांच्या डोक्यावरून वायर टाकली की आदेश आल्याचं प्रेसला कळतच नाही. संपर्क दोन असतात, एक बिघडला तरी दुसरा काम करावा म्हणून. केतकीला दोन्ही ठाऊक होते. तिनं दोन पिवळ्या वायरी घातल्या. ठोका पडला, टाळ्या झाल्या.

जंपर घालणं हे काही पाप नाही. नवं यंत्र सुरू करताना सगळेच घालतात. पण केतकीच्या हाताखाली एक सक्त नियम होता, तिनंच केलेला. जंपर पिवळाच, आणि घातल्याबरोबर पॅनेलच्या दारावर लाल चिठ्ठी: कुणी घातला, केव्हा काढणार. चिठ्ठी तिनं लिहिलीही होती. पण दारावर ओलं स्वस्तिक होतं, वर माळ. कुंकवावर लाल चिठ्ठी कशी चिकटवायची? दोन मिनिटांत काढायचाच आहे म्हणून तिनं ती घडी करून ड्रॉइंगच्या फाइलमध्ये सरकवली. तेवढ्यात फोटोसाठी हाका आल्या. मग प्रसाद. मग होसूरची तिकिटं.

आणि गंमत अशी, की जंपर काढल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं! स्क्रू सैल करणारा आपला हात तिला दिसत होता. असे शेकडो जंपर तिनं सोळा वर्षांत काढले होते. त्यांतलाच कुठलातरी हात मनानं उचलून इथे चिकटवला होता. विजयाला न केलेली गोष्ट केल्यासारखी वाटू लागली होती आणि हिला न केलेली गोष्ट केल्याची खात्री होती.

तिनं पॅनेल उघडलं. आत पिवळं काहीही नव्हतं.

*

चार दहाला जंपर कुणी काढला असेल, याचा विचार करायची गरज नव्हती. त्या पॅनेलला हात लावणारी माणसं दोनच: ती आणि वायरमन निवृत्ती ढिकले. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना वायरिंग शॉपमध्ये डबा खात बसले होते. तिला पाहिलं आणि भाकरीचा घास हातातच राहिला.

“नाना, वायरी कुठायत?”

त्यांनी नाटक केलं नाही. हात पुसला, टूलबॉक्सच्या खालच्या खणातून दोन पिवळे तुकडे काढून टेबलावर ठेवले.

“रक्त पुसत होते लोकं, तवा म्या दार उघडलं,” ते म्हणाले. “पाह्यलं तर या दोन वायरी. तुमची वायर म्या वळखतो मॅडम. तुम्ही टोकं पिळून घालता.”

“आणि काढून टाकल्यात? का, नाना?”

“का म्हंजे? तुमचं नाव आलं असतं! सोळा वर्सं बघतोय तुम्हाला. एक चूक. तिची बोटं काय वायरी ठेवून परत येनार व्हती का?”

“बोटं नाही, पण बाई परत आली असती!” केतकी ओरडली. शॉपमध्ये आणखी दोघं होते, ते गुपचूप बाहेर सटकले. “चार दिवस सगळं गाव तिच्या तोंडावर थुंकतंय. तिचा नवरा तिच्याशी बोलत नाही. पोरगी शाळेत जात नाही. आणि ही सगळी मेहेरबानी माझ्यावर?”

नानांचे डोळे भरले. “म्या तिचा विचार न्हाई केला. तुमचाच केला.”

हेच तर होतं. रागवायला ती नानांवर रागावली खरी, पण आतून तिला कळत होतं की ओरडते आहे ती कुणावर. कालच त्या कॉटशेजारी बसून कसल्या थाटात शब्द दिला होता तिनं! दळवी वाईट, विमा कंपनी वाईट, दशरथ कोत्या मनाचा, आणि आपण तेवढ्या धुतल्या तांदळासारख्या.

सोमवारी ती दळवींकडे गेली. वायरी टेबलावर ठेवल्या.

दळवींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “उशीर केलात. मला वाटलं परवाच याल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पूर्ण नोंद मी बुधवारी सकाळीच पाहिली.”

“फलक लावायच्या आधी?”

“आधी.” त्यांचा आवाज तसाच, मऊ. “मॅडम, थोडं व्यवहारानं घ्या. खरं बाहेर आलं तर तुमचा परवाना जाईल, कदाचित खटला होईल. नानांवर पुरावा दडवल्याचा ठपका येईल, निवृत्तीला सहा महिने राहिलेत त्यांच्या. चाहूल बसवलेल्या सगळ्या लाइन बंद पडतील, तीनशे माणसं घरी बसतील. आणि बाईला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही. तिनं हात स्वतःहून घातल्याचं लिहून दिलं की तक्रार मागे घ्यायला लावू, मुलीच्या शिक्षणाचंही बघू.”

“जंपर घालायला तुम्ही सांगितलंत.”

“कुठे लिहिलंय?”

काही माणसं चिडतात तेव्हा निदान माणसासारखी वाटतात. या गृहस्थाला चिडायची गरजच कधी पडली नव्हती. केतकीनं वायरी उचलल्या आणि ती बाहेर पडली.

पण सरळ बाहेर पडून तिनं कुणाला फोन लावला असं नाही. तेवढी थोर ती नव्हती. दोन दिवस तिनं मनातल्या मनात स्वतःची वकिली केली. विजयानं लिहून दिलं तर तक्रार मिटेल. नाना सुखानं घरी जातील. मुलीचं शिक्षण होईल. सगळ्यांचंच भलं. या सगळ्या भल्यात एकच खोट होती: एका बाईनं आयुष्यभर असं मानत जगायचं, की आपल्या मनात आपल्यालाच ठाऊक नसलेली एक लबाड बाई राहते. आणि तिच्या पोरीनंही तेच मानायचं. तिथे येऊन केतकीची वकिली दर वेळी अडे.

*

सुनावणीची खोली लहान होती आणि पंखा आवाज करत होता. चौकशी अधिकारी शबाना मणियार पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. समोर दळवी आणि कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला विजया, तिच्यामागे एक खुर्ची सोडून दशरथ. केतकी पॅनेलची अभियंता म्हणून बोलावलेली, भिंतीशी. नाना न बोलावता आले होते.

वकिलांनी आलेख पडद्यावर दाखवला. निळी रेघ वर चढत होती. “इथे पाठीचे स्नायू, इथे खांदा, इथे हात. घसरण्याचं एकही लक्षण नाही. हात नेलेला आहे.”

मणियार मॅडमनी विजयाकडे पाहिलं. “हात तुम्ही घातलात?”

“घातला.”

वकिलांनी हात पसरून दळवींकडे पाहिलं, झालं म्हणून.

“कशासाठी घातलात?”

“झाकण अडकलं होतं मॅडम. काढायला.”

“प्रेस खाली येईल असं नाही वाटलं?”

“कशी यील?” विजयाला खरंच नवल वाटलं. “हात गेला का थांबती ती. आम्हाला तसंच शिकवलंय. पडदा काढला तवा साहेबांनीच सांगितलं, बिनधास्त घाला.”

दळवी फोनमध्ये काहीतरी वाचत होते.

“इच्छेची नोंद अगदी स्पष्ट आहे, मॅडम,” वकील म्हणाले. “सत्त्याण्णव टक्के.”

केतकी उठली. चाहूल असती तर ती उठणार हे तिला आधीच कळलं असतं.

“इच्छा मोजता येते,” ती म्हणाली. “कशाची इच्छा, ते कुठल्याच यंत्राला मोजता येत नाही. विजयाताईंना झाकण काढायचं होतं. चाहुलीनं हात ओळखला, थांबायचा आदेश दिला. ही पूर्ण नोंद, सगळ्या रकान्यांसकट. प्रेस थांबली नाही, कारण आदेश तिच्यापर्यंत जातच नव्हता. अकरा दिवस जात नव्हता.” तिनं कागद आणि दोन पिवळ्या वायरी टेबलावर ठेवल्या. “खंडेनवमीच्या पूजेला मी या घातल्या होत्या. सांगितलं दळवीसाहेबांनी, तोंडी. पण घातल्या मी, आणि काढायला विसरले मी.”

“आन अपघातानंतर म्या काढल्या,” मागून नाना म्हणाले. “ते बी लिवा.”

वकील दळवींच्या कानाशी लागले. मणियार मॅडमनी चष्मा वर सरकवला.

“वाघचौरे, तुम्ही प्रमाणित अभियंता आहात. ही वायर तुम्ही मुद्दाम घातलीत?”

“मुद्दाम. त्या वेळी माझ्या हातावर चाहूल लावली असती तर शंभर टक्के ऐच्छिक आलं असतं.” ती वकिलांकडे वळली. “पण कुणाची बोटं जावीत म्हणून नाही घातली हो! मग त्यांनी ती जावीत म्हणून हात घातला, हे तुम्ही कुठल्या तोंडानं म्हणता?”

मणियार मॅडम लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत राहिल्या. दळवींनी फोन खिशात ठेवला.

विजया केतकीकडे बघत होती. आभार नव्हते त्या नजरेत. केतकीला ते अपेक्षितही नव्हते.

“तुम्ही घरी आला होता,” विजया म्हणाली. “मी इचारलं होतं तुम्हाला.”

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, ताई.”

“पर हात तुमचाच होता ना?”

“हो. माझाच.”

विजयानं मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी नव्हे, तर एखादं जड ओझं खाली ठेवताना माणूस हलवतो तशी. मग ती उठली. पांढरा हात छातीशी धरून, डाव्या हातानं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि केतकीच्या समोरून, तिच्याकडे न पाहता, मागच्या रांगेपाशी गेली. दशरथ जमिनीकडे बघत बसला होता.

“ऐकलं का?” ती म्हणाली.

तो पायानं चपला चाचपू लागला.

“चला घरी. आन पोरीला तुम्ही सांगायचं. मी न्हाई सांगनार.”